दोन टिंबांपाशी

३ मार्च

ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असाल. इतक्या वर्षांत मी तुम्हाला स्वतःहून कधी लिहिलं नाही. लिहायचं ते तुमची बहीण लिहायची आणि खाली माझ्या वतीने 'यांचाही नमस्कार' ठोकून द्यायची. हे पत्र तिला न सांगता लिहितोय. उत्तर घरी नको, माझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. फोन तर नकोच. फोन पियानोच्या खोलीत आहे आणि तो तीच उचलते.

घाबरू नका, भानगड काही नाही. मला पियानोचं पुस्तक वाचायला शिकायचं आहे. वाजवायला नाही, नुसतं वाचायला. हसून झालं की पुढचं वाचा.

ही जूनमध्ये संगीतशाळेतून निवृत्त होतेय. शाळेच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम आहे आणि त्यात ही तुमच्याकडून शिकलेला तो संथ तुकडा वाजवणार आहे, तपकिरी पुस्तकातला. तुम्हाला ठाऊकच आहे, चारचौघांत वाजवताना हिने कधी पुस्तक समोर ठेवलं नाही. ठेवणाऱ्यांची टिंगलच करायची. यंदा मात्र म्हणते, पुस्तक लागेल. "डोक्यात राहत नाही हल्ली," एवढंच म्हणाली. वय झालं म्हणून मीही सोडून दिलं. आता पुस्तक आलं म्हणजे शेजारी बसून पानं उलटणारा माणूस आला. शाळेतली एखादी मुलगी बसेल, असं तिचं म्हणणं. मला वाटतं, तिथे मी बसावं.

मागे एकदा बसलो होतो. नवीन लग्न झालं होतं. 'मी मान हलवली की उलटायचं,' एवढंच काम तिने सांगितलं होतं. तिने नाकावरची माशी हाकलायला मान हलवली आणि मी पान उलटलं, तेही दोन एकदम. त्यानंतर तिने कधी बोलावलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती आत शिकवणार आणि मी चहाचा कप घेऊन दाराबाहेर उभा, यातच जन्म गेला. आता विचारायचं आहे, पण अडाणी म्हणून नाही.

खुणा काढायला मला येतात. शाळेच्या पाटीवरचं ते वेटोळं चिन्ह मीच रंगवलंय आणि लोक थांबून बघतात. पण ते काय म्हणतं हे मला अजून कळलेलं नाही. शिकवाल का?

तुमचा,
रंगारी
(हे नाव तुम्हीच ठेवलं होतं, लग्नाआधी, आणि कौतुकाने नव्हे.)


१९ मार्च

भावोजी,

हसले. भरपूर हसले. मग पत्र पुन्हा वाचलं आणि बरं वाटलं. रंगारी नाव ठेवलं तेव्हा माझी धाकटी बहीण पाट्या रंगवणाऱ्याच्या घरी जाणार म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर आज सांगते. 

माझी बोटं सांधेदुखीने वाकडी झाली, शिकवण्या बंद झाल्या. अशात विद्यार्थी आयता चालून आला तर मी कशाला सोडू? पण मी कडक आहे. धाकटीला विचारा. नको, विचारू नका.

पहिला धडा. पाच रेघा असतात. रेघेवर एक सूर, दोन रेघांच्या मधल्या जागेत दुसरा. वर गेलं की सूर चढतो, खाली आलं की उतरतो, जिन्यासारखं. तुमचं ते वेटोळं खालून दुसऱ्या रेघेला विळखा घालतं. ती रेघ 'जी' सुराची. तिथून वरखाली मोजत जायचं. डाव्या हाताचं चिन्ह कानासारखं दिसतं, त्याच्यापुढे दोन टिंबं असतात आणि त्या टिंबांच्या मधली रेघ 'एफ'ची. पोकळ गोळा लांब वाजतो, भरलेला आखूड, आणि त्याच्या काठीला शेपटी लागली की आणखी आखूड. उभ्या रेघांनी ओळीचे कप्पे पाडलेले असतात. त्याला माप म्हणतात. ठोकळा रेघेला लटकलेला दिसला तर अख्खं माप गप्प, रेघेवर बसलेला दिसला तर अर्धंच.

पान उलटणाऱ्याला सगळं वाचावं लागत नाही. वाजवणारा आत्ता कुठे आहे, एवढं कळलं पाहिजे. ओठ न हलवता, बोट न लावता, डोळ्यांनी तिच्याबरोबर चालायचं. आणि आपलं लक्ष तिच्याहून एक माप पुढे ठेवायचं.

घरचा अभ्यास: त्या तुकड्याचं पहिलं पान उतरवून काढा आणि प्रत्येक सुराखाली त्याचं नाव लिहून पाठवा.

ताई


१४ एप्रिल

ताई,

अभ्यास सोबत जोडला आहे. दुकानात फळी आडवी टाकून केला. एक गिऱ्हाईक विचारत होतं की ही कुठल्या भाषेतली पाटी आहे. मी म्हटलं, बायकोच्या.

तुम्ही सांगितलं तसं रोज संध्याकाळी डोळ्यांनी चालतो. पाठ दुखते, तुझ्या खोलीतली खुर्ची बरी पडते, अशी थाप मारून मी आत शिरकाव केला आहे. ती वाजवते आणि मी मागून पुस्तकावर डोळा ठेवतो. पहिले काही दिवस पालथ्या घड्यावर पाणी. ती कुठे आणि मी कुठे! पण परवा पहिल्यांदा ओळीच्या शेवटी आम्ही दोघं बरोबर पोचलो. ताई, तुम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, तुम्ही लहानपणापासून पोचताय. मी इतकी वर्षं हे नुसतं ऐकत होतो. परवा ते माझ्यासमोर घडत गेलं आणि मला रडू आलं. ती म्हणाली, पाठ फारच दुखते का?

एक शंका आहे. दुसऱ्या पानाच्या तळाशी दोन टिंबं आहेत, मग बारीक उभी रेघ, मग जाड. कानाजवळची ती टिंबं नव्हेत, ही वेगळी. तिथे आली की ही परत पहिल्या पानाच्या सुरुवातीला जाते. तर किती वेळा जायचं असतं? काल जातच राहिली. माझा चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. पुस्तकात आकडा कुठे दिसत नाही. पान कधी उलटायचं ते त्यावर ठरणार, म्हणून विचारतो.

बाकी ठीक. एका विद्यार्थिनीची आई तक्रार करून गेली की महिनाभर तोच धडा चालू आहे. ही म्हणाली, पाया पक्का होतोय. मला पटलं.

रंगारी


११ मे

भावोजी,

उत्तराला उशीर झाला. बोटं दुखत होती.

तुमचा अभ्यास बघून कपाळावर हात मारला. नावं बरोबर आहेत, पण सुरांमधलं अंतर तुम्ही सगळीकडे सारखं करून टाकलंत! पुस्तकात जिथे गर्दी आहे तिथे ती मुद्दाम आहे आणि जिथे मोकळं आहे तिथे सूर रेंगाळतो. ही काही दुकानाची पाटी नव्हे. पुन्हा काढा. 

दोन टिंबांचं म्हणाल तर तिथून परत मागे जायचं असतं, हे बरोबर. किती वेळा, ती वाजवणाऱ्याची मर्जी. घरी सराव करताना एखादी जागा आवडली तर माणूस पुन्हा पुन्हा जातो. त्याचं काही वाटून घेऊ नका.

धाकटीची झोप कशी आहे? बाजारातून येताना रस्ता वगैरे चुकत नाही ना? बोलताना शब्द सापडत नाही असं होतं का? सहज विचारते.

ताई


२४ मे

ताई,

झोप ठीक आहे. रस्त्याचं म्हणाल तर मागच्या आठवड्यात दुकानाकडे यायला निघाली आणि पलीकडच्या चौकात उभी दिसली. मी हाक मारली तर म्हणाली, नवीन पाटी बघत होते. त्या चौकात पाटी नाही. शब्दांचं म्हणाल तर चमच्याला ती 'ते ढवळायचं' म्हणते. मला वाटलं लाडात म्हणते.

तुम्ही 'मर्जी' म्हणालात ते मला काही पटलं नाही. कार्यक्रमात लोक मर्जी कुठवर ऐकतील? पुस्तकच तिला मागे पाठवतंय, ती बिचारी लिहिलंय ते पाळतेय, असं माझ्या डोक्यात बसलं. म्हणून आज दुपारी ती न्हायला गेली तेव्हा मी उद्योग केला. पांढऱ्यात चिमूटभर पिवळा मिसळला, जुन्या कागदाचा रंग बरोबर जमला. सगळ्यात बारीक ब्रशने दोन्ही टिंबं उडवली आणि जाड रेघही पुसून टाकली. भिंग लावलंत तरी कळणार नाही. पुस्तकाशी असं वागल्याबद्दल रागवा, पण काम झक्क झालंय.

२५ मे

पत्र टाकायचं राहिलं, म्हणून इथेच पुढे लिहितो.

काल संध्याकाळी ती वाजवायला बसली. मी मागे खुर्चीत. दुसऱ्या पानाच्या तळाशी आली आणि मागे गेली. मग पुन्हा मागे गेली. ताई, तिथे टिंबं नाहीत. माझ्या हाताने मी ती पुसली आहेत.

शेवटी मी म्हटलं, "अगं, पुढचं पान घ्यायचं का?"

ती म्हणाली, "अहो, आत्ताच तर बसले मी."

बाहेर अंधार पडला होता. ती बसली तेव्हा ऊन होतं.

मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. किती वेळा जायचं असतं?

रंगारी


१ जून

भावोजी,

एकदाच.

एकदा मागे जायचं आणि दुसऱ्या खेपेला त्या रेघेवरून पुढे जायचं. जगात सगळीकडे तसंच आहे. तुमच्या एप्रिलच्या पत्रातच मला कळलं होतं आणि मी खोटं लिहिलं. महिनाभर पत्र उशाशी घेऊन बसले आणि मग मर्जी म्हणून लिहिलं.

आमच्या आईचं असंच झालं होतं. ती विणायची. एका हिवाळ्यात तिने स्वेटरची बाही घेतली आणि ती बाही संपेना. गुडघ्यावरून खाली लोंबायला लागली तरी आई विणतच होती. धाकटी आणि मी हसलो होतो तेव्हा. हा स्वेटर माकडासाठी का, असं मी आईला तोंडावर विचारलं होतं.

तिला डॉक्टरांकडे न्या. लगेच. टिंबं पुसणं म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला, पण मी तुम्हाला कोणत्या तोंडाने बोलू?

कार्यक्रम रद्द करा असं मी सांगणार नाही. आता नीट वाचा, हा तुमचा खरा धडा आहे. तिच्या मानेची वाट बघायची नाही. ती दुसऱ्यांदा त्या रेघेकडे येत असेल तेव्हा, शेवटचं माप सुरू झालं की पान उलटा. नवं पान समोर आलं तर डोळा तिकडे जाईल, आणि तिचा हात डोळ्यामागे जातो. मीच तिला तसं शिकवलंय. एक माप आधी, भावोजी. उशीर झाला तर ती परत गेलेली असेल.

ताई


२८ जून

ताई,

डॉक्टरांनी तुमच्यासारखंच सांगितलं. पुढे काय काय होणार तेही सांगितलं. मी ऐकत होतो आणि ही खिडकीतून खाली गाड्या बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "माणूस बरा आहे, पण फार बोलतो."

पानं मी उलटीन म्हणून सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "तुम्ही? आणि माशी आली तर?" इतकं जुनं तिला लख्ख आठवतं, आणि सकाळी चहा झाला की नाही हे आठवत नाही. मग तिने मला पुस्तकावर बोट ठेवून विचारलं, हे काय, ते काय. मी सगळं सांगितलं. कुणी शिकवलं असं विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "आधी का नाही शिकलात?"

हॉल भरला होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या डाव्या हाताला बसलो. सुरुवात इतकी छान झाली की मी क्षणभर चालायचाच विसरलो. पहिल्यांदा रेघेपाशी आली, मागे गेली. ते बरोबरच होतं. दुसऱ्यांदा येताना तुम्ही सांगितलं तसं, शेवटचं माप सुरू झालं आणि मी पान उलटलं. तिने वाजवता वाजवता डावा हात उचलला आणि ते पान परत मागे टाकलं. आणि गेली सुरुवातीला.

तिसऱ्या खेपेला मी पान उलटलं आणि वरून तळहात दाबून धरला. तिचा हात आला, माझ्या हातावर थांबला. वाजवणं थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, रस्ता विचारावा तसं. हळूच म्हणाली, "पुढे?" मी म्हटलं, "पुढे." मग तिने शेवटपर्यंत वाजवलं. एक सूर चुकला नाही. चुकला असता तर मला कळलं असतं.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एक बाई म्हणाली, तो मधला थांबा काय घेतला बाईंनी, काळजात गेला. शाळेच्या दोन शिक्षिका मात्र टाळ्या न वाजवता एकमेकींकडे बघत होत्या. त्या दोघींना वाचता येतं आणि आता मलाही येतं. येत नसतं तर मीही खुशाल टाळ्या वाजवल्या असत्या, घरी येऊन गाढ झोपलो असतो. रागवू नका, पण का शिकवलंत मला?

रंगारी


५ ऑगस्ट

भावोजी,

तुम्ही विचारलंत म्हणून शिकवलं. दुसरं उत्तर सुचत नाही.

मी तिकिटाची चौकशी केली, पण काढलं नाही. तिने मला ओळखलं नाही तर मी काय करायचं? आईने शेवटी मला कामवाली समजून रागावून हाकललं होतं. आणखी एक भीती आहे. मी धाकटीहून मोठी आहे. रोज सकाळी तोच तुकडा मी टेबलावर वाकड्या बोटांनी वाजवून बघते, आवाज नसलेला. एखाद्या जागी अडले की दिवसभर कशात लक्ष लागत नाही. धाकटीची काळजी करते म्हणताना अर्धी काळजी माझी स्वतःचीच असते. तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला सांगू?

थोडं असलं तरी लिहीत राहा.

ताई


९ डिसेंबर

ताई,

मधे लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं. दुकान बंद केलं. शेवटची पाटी अर्धी राहिली ती एका ओळखीच्या रंगाऱ्याने पुरी केली. दिवसा एक नर्स येते. ऑक्टोबरपासून ही मला खोलीत झोपू देत नाही. दार आतून लावून घेते आणि नर्सला सांगते की घरात एक परका माणूस फिरतोय. मी स्वयंपाकघरात खाट टाकली आहे. एकदा मी तिला आमचा लग्नाचा फोटो दाखवला. तिने तो नीट बघितला आणि म्हणाली, "हा मुलगा देखणा आहे. तुमचा कोण?" त्यानंतर दाखवला नाही. तिला घाबरवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून मी तिच्यासमोरच जाईनासा झालो. एका घरात राहून महिनाभर मी तिला दाराच्या फटीतून बघत होतो.

मागच्या आठवड्यात ती पियानोपाशी बसलेली दिसली. पुस्तक उघडं, हात मांडीवर. बराच वेळ झाला तरी वाजवेना. मी दाराशी उभा होतो आणि मला तिने बघताना पकडलं. वाटलं, आता ओरडणार.

ती म्हणाली, "आपण पानं उलटायला आलात का?"

मी म्हटलं, "हो."

"वाचता येतं?"

"येतं."

"कुणी पाठवलं आपल्याला?"

मी म्हटलं, "तुमच्या ताईंनी."

ताई, तिचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत तसा बघितला नव्हता. म्हणाली, "मग हरकत नाही. ताई कच्चं शिकवत नाही. बसा." आणि बाकावर सरकून तिने मला जागा करून दिली.

आता रोज बसतो. कधी ती वाजवते, दोनचार ओळी, डाव्या हाताचं बरंच गळतं. कधी हात उचलतच नाही, नुसते डोळे फिरतात, आणि मी त्यांच्याबरोबर चालतो. कुठे आहे ते मला कळतं. शेवटच्या मापाला मी पान उलटतो. मागे टाकलं तर टाकू देतो. आता कुणी ऐकायला बसलेलं नाही, जाऊ दे तिला हव्या तितक्या वेळा.

तुम्ही या. ओळखेल अशी खात्री देत नाही. पण तिच्या तोंडी तुमचं नाव आहे आणि ते नाव सांगितलं की ती माणसाला जवळ बसू देते. या घरात सध्या तेवढंच चालतं.

काल निघताना ती मला दारापर्यंत पोचवायला आली. म्हणाली, "उद्या वेळेवर या. घर लांब आहे का आपलं?"

मी म्हटलं, "नाही, जवळच आहे."

तिने माझ्यामागे पुढचं दार लावून घेतलं, कडी घातल्याचा आवाज आला. मी चपला हातात घेतल्या, घराला वळसा घातला आणि मागच्या दाराने आत आलो.

रंगारी